गुन्हेपट आणि किशोरवयीन प्रेक्षक : एक भाषावैज्ञानिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

गेल्या काही वर्षांत विभागातील सहकाऱ्यांच्या बैठकी आटोपल्यावर, चहाच्या वेळी, एक प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी खऱ्या खुनांवर आधारलेले माहितीपट एकामागून एक पाहत बसते. तिला ते पाहू द्यावेत किंवा कसे? प्रश्न विचारणारे बहुधा स्वतः अध्यापक असतात, मुलांच्या मानसशास्त्रावरील दोन-चार पुस्तके त्यांनी वाचलेली असतात, आणि तरीही त्यांचा निर्णय होत नाही. कोणी सरसकट बंदी घालतो. कोणी "काळच तसा आहे" असे म्हणून प्रश्न सोडून देतो. या दोन टोकांच्या मध्ये विचाराला काही जागा आहे की नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात यत्न केला आहे. लेखात अशा माहितीपटांस आणि मालिकांस सोयीसाठी 'गुन्हेपट' ही संज्ञा योजली आहे.

हा विषय मानसशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर एका घरगुती प्रसंगात आहे. प्रस्तुत लेखकाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने एका रात्री जेवताना एका खटल्यातील आरोपीविषयी ठामपणे सांगितले, "त्यानेच केलंय." निकाल लागला का, असे विचारता ती म्हणाली, "निकाल नाही लागला अजून. पण दिसलं ना, बाबा! दार कसं उघडलं, आत कसा गेला, सगळं दिसलं."

'दिसलं' या क्रियापदापाशी लेखक थबकला. दार उघडणारा माणूस हा आरोपी नव्हताच. तो एक नट होता. ते दार चित्रीकरणासाठी उभारलेले होते. त्या रात्री प्रत्यक्ष काय घडले, हे पाहणारा एकही साक्षीदार खटल्यात नव्हता. जे अनुमान होते ते मुलीच्या मनात प्रत्यक्ष होऊन बसले होते. रक्त, शस्त्र, प्रेत यांच्या दर्शनाने मुलांवर काय परिणाम होईल, याची चिंता आपण करतो आणि ती योग्यच आहे. परंतु या प्रसंगात इजा झाली होती ती निराळ्या ठिकाणी. ज्ञान कोठून आले, याची खूणच पुसली गेली होती. आणि ही खूण कशी ठेवावी व कशी पुसली जाते, हा भाषेच्या अभ्यासकाचाच विषय आहे.

२. पूर्वपीठिका

गुन्ह्याच्या कथेचे आकर्षण नवे नाही, आणि त्याविषयी पालकांना वाटणारी काळजीही नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या रहस्यकथा एके काळी पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचल्या जात, आणि त्या वाचून मुले बिघडतील असे वडीलधाऱ्यांस वाटे. पुढे महाराष्ट्र पोलिसांच्या 'दक्षता' मासिकातील तपासकथा घरोघर वाचल्या गेल्या. मात्र या दोहोंत एक भेद होता. अर्नाळकरांचा वाचक ही कल्पित कथा आहे हे जाणून वाचत असे; 'दक्षते'ची कथा तपास करणाऱ्या यंत्रणेच्या बाजूने सांगितलेली आहे, हे मासिकाच्या नावावरूनच उघड होते. कथा कोण सांगत आहे, हे दोन्हीकडे झाकलेले नव्हते.

चालू खटल्याविषयीच्या कथनाचा लोकमतावर काय परिणाम होतो, याचे मुंबईतील ठळक उदाहरण म्हणजे १९५९ सालचा नानावटी खटला. नौदलातील एका अधिकाऱ्याने आपल्या पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्या अधिकाऱ्याची बाजू उघडपणे उचलून धरली. त्याच्या शौर्याची आणि भंगलेल्या संसाराची कथा आठवड्यामागून आठवडे वाचकांपुढे मांडली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यास निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांस तो कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुरावा तोच होता. ज्यूरीच्या अवतीभवती पसरलेली कथा मात्र न्यायासनापर्यंत पोहोचली नाही. ज्यूरीची पद्धत आपल्याकडून गेली. परंतु गुन्हेपटाने प्रत्येक दिवाणखान्यात एकेक ज्यूरी पुन्हा बसविली आहे, आणि तिच्यात आता किशोरवयीन सभासदही आहेत.

३. कथनाचे व्याकरण

'आपणांस ही गोष्ट कशी कळली' याचा निर्देश करणाऱ्या व्याकरणिक साधनांस भाषाविज्ञानात प्रमाणदर्शक साधने म्हणता येईल. रोमान याकबसन यांनी १९५७ सालच्या आपल्या निबंधात या कोटीचा स्वतंत्र निर्देश केला, आणि अलेक्झांड्रा ऐखेनवाल्ड यांच्या २००४ सालच्या ग्रंथाने तिचा जगातील भाषांमधील विस्तार दाखवून दिला. तुर्की भाषेत स्वतः पाहिलेली भूतकालीन घटना एका प्रत्ययाने आणि ऐकलेली अथवा अनुमानाने जाणलेली घटना दुसऱ्या प्रत्ययाने सांगितली जाते. बोलणाऱ्यास त्यांतील एक निवडावाच लागतो.

मराठीत अशी सक्ती नाही. पण साधने मुबलक आहेत. पुढील चार वाक्ये पाहावीत :

(अ) तो त्या रात्री तेथे गेला.
(आ) तो त्या रात्री तेथे गेला असावा.
(इ) तो त्या रात्री तेथे गेला असेल.
(ई) तो त्या रात्री तेथे गेला म्हणे.

पहिल्या वाक्यात बोलणारा घटनेची हमी घेतो. दुसऱ्यात तो काही खुणांवरून निष्कर्ष काढतो. तिसऱ्यात तो केवळ शक्यता मानतो. चौथ्यात तो हमी दुसऱ्यावर सोपवितो आणि स्वतः बाजूला होतो. 'म्हणणे' या क्रियापदापासून झिजून आलेला हा 'म्हणे' आकाराने लहान असला तरी मोठ्या जबाबदारीचा शब्द आहे. आपल्या आज्या तो सहजगत्या वापरीत. गावातील वार्ता सांगताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्हणे' येई, आणि ऐकणाऱ्यास आपण ऐकीव गोष्ट ऐकत आहोत याचे भान राही.

आता गुन्हेपटाकडे वळू. त्यातील निवेदक पुष्कळदा सावध असतो. 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार', 'आरोपपत्रात म्हटल्याप्रमाणे' असे तो म्हणतो. परंतु त्याच क्षणी पडद्यावर एक आकृती अंधाऱ्या जिन्याने वर जाते. वाक्य (ई) प्रकारचे आहे आणि चित्र (अ) प्रकारचे. चित्राला 'म्हणे' जोडता येत नाही. त्यास विध्यर्थ नाही, संकेतार्थ नाही. जे दाखविले ते घडले, एवढेच चित्र बोलते. कान आणि डोळा यांची साक्ष परस्परविरोधी झाली म्हणजे डोळ्याचे ऐकले जाते. 'दिसलं ना' या उद्गाराचे मूळ येथे आहे.

शब्दाने स्मरण कसे बदलते, हे एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध प्रयोगाने दाखविले. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून काही विद्यार्थ्यांस मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा त्यांचा वेग किती होता असे विचारले, आणि काहींस 'आदळल्या'ऐवजी सौम्य क्रियापद योजून तोच प्रश्न केला. आठवड्याने सर्वांस विचारले, फुटलेली काच दिसली होती काय? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. जोरकस क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळांना ती दिसल्याचे आठवले. सौम्य क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी सातांना. एका क्रियापदाचा हा प्रभाव असेल, तर तीन-चार तासांच्या संगीतबद्ध कथनाचा किती असेल, याची कल्पना करावी.

कथनाचे आणखी तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत.

पहिला विशेष क्रमाचा. अमेरिकेत २०१५ साली प्रसारित झालेल्या 'द जिंक्स' या सहा भागांच्या मालिकेच्या अखेरीस रॉबर्ट डर्स्ट हा संशयित स्नानगृहात स्वतःशी पुटपुटतो. अंगावरील ध्वनिग्राहक चालूच राहिलेला असतो. आपण काय केले असा प्रश्न तो स्वतःस विचारतो आणि लागलीच सर्वांना ठार केल्याचे उत्तर देतो, असे मालिकेत ऐकू येते. २०१९ साली न्यायालयातील कागदपत्रांवरून उघड झाले की मूळ ध्वनिमुद्रणात क्रम उलट होता : ठार केल्याचे वाक्य आधी, प्रश्न नंतर, आणि मध्ये इतर वाक्ये. डर्स्टला २०२१ साली न्यायालयाने खुनाबद्दल दोषी ठरविले, तेव्हा येथे निरपराध मनुष्य अडकला असे म्हणावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, जो प्रश्नोत्तराचा संवाद कबुलीजबाब म्हणून प्रेक्षकांनी ऐकला तो संवाद म्हणून संकलनाच्या मेजावर जन्मला. दोन वाक्ये लागोपाठ आली म्हणजे श्रोता त्यांत संबंध जोडतोच, हे संभाषणाच्या अभ्यासाचे पहिले सूत्र आहे.

दुसरा विशेष नामकरणाचा. 'संशयित', 'आरोपी', 'दोषी', 'गुन्हेगार' हे चार शब्द कायद्यात चार निरनिराळ्या अवस्था दाखवितात. गुन्हेपटांच्या जाहिरातीत मात्र ते एकाच माळेचे मणी होतात. प्रकरणास कोणाचे नाव मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. पुण्यातील १९७६-७७ सालच्या हत्या आजही मारल्या गेलेल्या कुटुंबांच्या नावाने, 'जोशी-अभ्यंकर' म्हणून, ओळखल्या जातात. आजच्या गुन्हेपटांच्या शीर्षकांत बहुधा मारणारा मध्यभागी असतो; त्यास हिंस्र श्वापदाची किंवा खाटकाची उपमा मिळते आणि मेलेली माणसे संख्या होऊन राहतात.

तिसरा विशेष काळाचा. निवेदन पुष्कळदा ऐतिहासिक वर्तमानकाळात चालते : 'तो दार उघडतो, आत पाऊल टाकतो'. त्यामुळे घटना समोर घडते आहे असे भासते, आणि 'हे तुम्हास कसे कळले' हा प्रश्न विचारण्यास अवकाशच राहत नाही.

४. किशोरावस्था

तेरा ते अठरा हा वयोगट एकजिनसी नाही. तेराव्या वर्षी अमूर्त विचार नुकता आकार घेत असतो; सतराव्या वर्षी मुलगा न्याय, शिक्षा, समाज यांविषयी हिरीरीने वाद घालतो. आवेग आवरण्याशी व परिणाम तोलण्याशी संबंधित असा मेंदूचा पुढील भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणजे, समज येते आधी आणि समजलेल्या गोष्टीच्या ओझ्याखाली स्थिर राहण्याची शक्ती येते मागाहून. पालकांच्या संभ्रमाचे कारण या अंतरात आहे : मुलगी तर्क प्रौढासारखा करते, पण रात्री दिवा मालवीत नाही.

भीतीविषयी दोन गोष्टी सांगता येतील. क्रिस्टन हॅरिसन व जोआन कँटर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस लहानपणी पाहिलेल्या भयप्रद दृश्यांविषयी विचारले असता, कित्येकांच्या बाबतीत त्या भीतीचा अवशेष वर्षानुवर्षे टिकून राहिल्याचे आढळले. दुसरी गोष्ट जॉर्ज गर्बनर यांच्या विवेचनातील. दूरचित्रवाणी फार पाहणारे लोक जगातील हिंसेचा अंदाज वास्तवाहून अधिक करतात, असे त्यांनी १९७० नंतरच्या दशकात प्रतिपादिले. तो परिणाम किती मोठा, याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु दिशेचा विचार करण्याजोगा आहे.

आपल्या देशातील आकडे या संदर्भात उपयोगी पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरातील खुनाच्या २८,५२२ प्रकरणांची नोंद आहे. त्यांपैकी ९,९६२ खून वादविवादातून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि १,८८४ लाभासाठी झाल्याचे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावल्याचे केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालात आहे. अनोळखी, हुशार, एकामागून एक माणसे मारीत जाणारा खुनी हा गुन्हेपटाचा नायक होय. वास्तवातील खून बहुधा बांधावरून, पैशावरून, घरातल्या कलहावरून होतात. मुलास हे आकडे समोर बसवून दाखविले, तर पाच मिनिटांत त्याच्या नकाशातील अंतरे पुष्कळशी जागेवर येतात.

मुले हे पाहतात तरी का? यात विकृती शोधण्याची घाई करू नये. अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१० साली दाखविले की सत्य गुन्हेकथांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक ओढल्या जातात, आणि जीव वाचविण्याविषयी काही शिकावयास मिळेल ही अपेक्षा त्यामागे दिसते. एकट्याने शिकवणीस जाऊ लागलेल्या मुलीचे कुतूहल या प्रकाशात पाहिले, तर ती रक्ताची चटक नसून जगाच्या धोक्यांचा अदमास घेण्याची धडपड असू शकते. ती धडपड दडपून टाकण्याने धोकाही कमी होत नाही आणि भीतीही.

५. लाभाची बाजू

गुन्हेपट हा सर्वस्वी त्याज्य प्रकार आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. एरल मॉरिस यांच्या १९८८ सालच्या 'द थिन ब्लू लाइन' या माहितीपटाने डॅलस येथील एका पोलिसाच्या १९७६ सालच्या हत्येचा पुन्हा शोध घेतला. रँडल डेल अ‍ॅडम्स यास त्या हत्येबद्दल प्रथम देहान्ताची व मागाहून जन्मठेपेची शिक्षा झाली होती; माहितीपटानंतर, १९८९ साली, तो सुटला. या कृतीतही नटांकरवी घटना घडवून दाखविली आहे. परंतु ती एकदाच दाखविली नसून प्रत्येक साक्षीनुसार बदलून पुनःपुन्हा दाखविली आहे. मोटार कधी अशी, कधी तशी. गोळी झाडणारा कधी हा, कधी तो. प्रेक्षकाच्या लक्षात येते की आपण घटना पाहत नसून साक्षी पाहत आहोत. चित्राला 'म्हणे' जोडता येत नाही असे वर म्हटले. मॉरिस यांनी ते पुनरावृत्तीच्या साहाय्याने जोडून दाखविले. चांगल्या आणि वाईट गुन्हेपटांतील भेद बहुतांशी येथेच आहे.

आपल्याकडील उदाहरण नागपूरचे. १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील न्यायालयाच्या आवारात, वस्तीस वर्षानुवर्षे छळणाऱ्या एका गुंडास जमावाने ठार मारले. त्यात कस्तुरबानगरातील स्त्रिया पुढे होत्या. २०१४ साली आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता झाली. या घटनेवर उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली तीन भागांची मालिका २०२२ साली आली. लैंगिक अत्याचाराच्या वर्णनांमुळे ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे ठेवण्याजोगी खचित नाही. परंतु सतरा वर्षांच्या मुलासमवेत ती पाहिली, तर तक्रार न नोंदविणारी यंत्रणा, वस्तीतील जात आणि दारिद्र्य, आणि कायदा हाती घेण्यातील न्याय-अन्याय यांविषयी जे बोलणे होईल ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून होणे कठीण.

६. निर्णयाची रीत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पॅटी व्हाल्केनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली पालकांच्या मध्यस्थीचे तीन प्रकार वेगळे केले : नियम घालणे, समजावून बोलणे आणि सोबत पाहणे. हे तीन पर्याय एकमेकांचे शत्रू नसून मुलाच्या वयाप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलावयाचे असते.

पहिली पायरी वर्गीकरणाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार आंतरजालावरील चित्रमालिकांस सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील, सोळा वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी असे पाच वर्ग देणे बंधनकारक आहे. तेरा वर्षांवरील व त्यापुढील वर्गांसाठी पालकांस कुलूप घालण्याची सोय, आणि प्रौढ वर्गासाठी वय पडताळण्याची व्यवस्था, प्रसारकाने ठेवावयाची असते. ही सोय वापरावी; परंतु वर्ग हा दृश्यांचा निवाडा असतो, कथनाच्या प्रामाणिकपणाचा नव्हे, हे विसरू नये.

दुसरी पायरी म्हणजे पहिला भाग पालकांनी आधी स्वतः पाहणे. तो पाहताना पुढील पाच प्रश्न मनाशी विचारावेत :

(१) हे सांगणारा कोण, आणि त्यास हे कसे कळले, याचा उलगडा प्रत्येक महत्त्वाच्या विधानापाशी होतो काय?
(२) पुनर्रचित दृश्ये आणि मूळ चित्रण यांतील भेद स्पष्ट दाखविला आहे काय?
(३) खटल्याची आजची स्थिती काय? नोएडातील २००८ सालच्या एका प्रकरणात संशय प्रथम घरातील नोकरावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचेच प्रेत सापडले. २०१३ साली मृत मुलीच्या आईवडिलांस जन्मठेप झाली आणि २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. या तीन तारखांना केलेले तीन गुन्हेपट तीन निरनिराळी 'सत्ये' सांगतील.
(४) मारल्या गेलेल्या व्यक्तीचे जगणे कथेत आहे की केवळ मरणे?
(५) कृत्याची पद्धत कारणापेक्षा अधिक बारकाईने वर्णिली आहे काय? आत्महत्येच्या किंवा आत्मपीडेच्या बाबतीत असे असेल, तर ती मालिका बाजूस ठेवावी हे बरे.

तिसरी पायरी मुलाकडे पाहण्याची. तेरा वर्षांखालील मुलास हा प्रकार नको, असे लेखकाचे मत आहे. तेरा ते पंधरा या वयात निवडक कृती, वडीलधाऱ्यांसमवेत, दिवसा आणि एका वेळी एकच भाग, अशी मर्यादा असावी. सोळाच्या पुढे बंदीपेक्षा बोलणे अधिक कामी येते. ही वये म्हणजे रेषा नव्हेत. ज्या मुलाच्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे, ज्याने हिंसा सोसली आहे, किंवा जे मुळातच चिंतेने ग्रासलेले आहे, त्याच्यासाठी सतरावे वर्षही लवकरचे ठरू शकते. झोप मोडणे, एकट्याने बाहेर पडण्याचे टाळणे, दारे-कड्या पुनःपुन्हा तपासणे, मारणाऱ्याविषयी कौतुकाने बोलणे, अशी चिन्हे दिसली तर पाहणे थांबवावे आणि विचारपूस करावी. गरज वाटल्यास शासनाच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

चौथी पायरी संभाषणाची, आणि लेखकाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. "असलं काय पाहतेस?" या वाक्याने संभाषण संपते, "हे त्यांना कसं कळलं असेल?" या वाक्याने ते सुरू होते. घरी आम्ही एक साधा खेळ योजिला. पडद्यावर एखादे विधान झाले की चित्र थांबवावयाचे आणि तेच विधान मराठीत सांगावयाचे. मात्र शेवटी 'म्हणे', 'असावा' अथवा काहीच नाही, यांपैकी योग्य ते निवडावयाचे, आणि का निवडले ते सांगावयाचे. पहिल्या दिवशी मुलीने कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी तिने लेखकाचीच चूक काढली : वैद्यकीय अहवालातील गोष्टीस 'म्हणे' लावून चालणार नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते.

७. तिसरा पक्ष

येथवर पालक आणि मूल या दोनच पक्षांचा विचार झाला. एक तिसरा पक्ष उरतो. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात निवेदनाच्या विश्लेषणासाठी लेखकाने एका गुन्हेपटातील उतारा ऐकविला. एक विद्यार्थिनी उठून शांतपणे बाहेर गेली. मागाहून तिने सांगितले, तो उतारा तिच्या घरचा नव्हता. पण तशाच एका कार्यक्रमात तिच्या मामांच्या खुनाची कथा आली होती. घरच्या कोणास न विचारता आली होती. "आजी अजून टीव्ही लावायला घाबरते, सर. कधी पुन्हा दाखवतील सांगता येत नाही." उतारा ऐकविण्यापूर्वी वर्गास विचारावयास हवे होते, हे लेखकास त्या दिवशी उमगले, तेव्हापासून तो तसे विचारतो.

कायद्याने या पक्षाची काहीशी दखल घेतली आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास पूर्वी दंडसंहितेचे कलम २२८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते. कायद्याशी संघर्ष आलेल्या किंवा पीडित बालकाची ओळख २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे कलम ७४ झाकते. प्रलंबित खटल्यावरील मालिकेचा प्रश्न २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायाधीशांनी ती प्रथम पाहण्याचे ठरविले आणि बाधक असे काही नसल्याचे आढळल्यावर प्रसारणास मोकळीक दिली. परंतु शोकाकुल आजीला न विचारता तिची कथा सांगू नये, असा कायदा नाही. ती मर्यादा पाहणाऱ्याच्या मनातच असू शकते. ज्या मुलाला 'ही कोणाची तरी आजी आहे' हे जाणवते ते मूल गुन्हेपट पाहण्यास योग्य झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्यास ते जाणवत नाही त्याचे वय कितीही असो, ते अद्याप व्हावयाचे आहे.

८. समारोप

एवंच, 'पाहू द्यावे किंवा कसे' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणती कृती, कोणते मूल, आणि सोबत कोण, या तीन गोष्टी ठरल्यावाचून ते देता येत नाही. दृश्यांची उग्रता पाहून निर्णय घेण्याची पद्धत अपुरी आहे, कारण सौम्य दृश्यांचा गुन्हेपटही अनुमानास प्रत्यक्षाचा वेश चढवू शकतो. उलट, ज्या मुलास हा वेश ओळखता येतो, ते वृत्तपत्र, निवडणुकीचे भाषण आणि भ्रमणध्वनीवर आलेली अफवा हीदेखील अधिक सावधपणे ऐकेल.

अभ्यासकांसाठी या विषयात बरेच काम पडून आहे. परभाषांतील गुन्हेपटांच्या हिंदी व मराठी रूपांतरांत संशयदर्शक शब्दांचे काय होते, ते टिकतात की गळतात? मराठी वृत्तवाहिन्यांच्या निवेदनात 'म्हणे'ची जागा कशाने घेतली? किशोरवयीन मुले पाहिलेली कथा पुन्हा सांगताना प्रमाणदर्शक साधने किती आणि कोठे वापरतात? हे तीनही प्रश्न ध्वनिमुद्रणे जमवून, मोजून सोडविता येण्यासारखे आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ते हाती घेतील, तर पालकांस केवळ मत न देता काही आधार देणे आपणांस शक्य होईल.